दोन नंबरवरची फुली

रिॲक्टरच्या अंगावर यापुढे खडूने काही लिहायचं नाही, असा हुकूम कारखाना चालवणाऱ्या धीरज साहेबांनी काढला आणि ठेक्यावर कामाला असलेल्या लाडकीच्या हाती बादली-फडका देऊन सगळे रिॲक्टर पुसून घेतले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला, रंगांसाठी लागणारी रसायनं असल्या बंद लोखंडी टाक्यांत बनवणारा तो कारखाना. तिथे जाणारी पाळी येणाऱ्या पाळीसाठी पत्र्यावरच लिहून जायची. पंप आवाज करतो. झाकणाचा एक बोल्ट ढिला आहे. आलेला माणूस वाचायचा आणि काम उरकलं की तळहाताने पुसून टाकायचा. इतक्या वर्षांचा खडू निघाला तेव्हा लाडकीच्या बादलीतलं पाणी दुधासारखं झालं.

खडूच्या जागी वेबसाइट आली. ती बांधली प्रियदर्शिनीने. तिचे वडील सोलापूरकडून नोकरीसाठी इकडे आले, ती बोईसरला वाढली, आणि आता पालघरला स्टेशनजवळ एका दुकानाच्या माडीवर तिचं छोटं ऑफिस होतं.

साहेबांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "मॅडम, माझ्याकडे कोणीही उठतो आणि पत्र्यावर लिहितो. मागे कोणीतरी चुकीचं वजन लिहिलं, अख्खी बॅच नासली. कोणी लिहिलं, शेवटपर्यंत कळलं नाही. खडूला काय सही असते? मला पायऱ्या पाहिजेत. कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी तपासायचं, कोणी मंजूर करायचं. माझ्या मंजुरीशिवाय एक अक्षर कोणाला दिसता कामा नये."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. प्रियदर्शिनीने चार पायऱ्या केल्या. प्रत्येक रिॲक्टरजवळ एक टॅब लावला. त्यावर त्या रिॲक्टरचं काम कसं करायचं ते ओळीने दिसे, आणि पाळीच्या प्रमुखाला त्यात आपली सूचना लिहिता येई. मध्येच तपासणारा केमिस्ट नोकरी सोडून गेला, तेव्हा नवा माणूस येईपर्यंत वरच्या दोन्ही पायऱ्या साहेबांनी स्वतःकडेच ठेवल्या.

सुरुवातीला तिने मंजूर न झालेल्या सूचनेच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी ठेवली होती. 'हे अजून इतरांना दिसत नाही.' साहेबांनी ती पाहिली आणि नाक मुरडलं.

"बाहेरचे लोक कारखाना बघायला येतात. विचारतील, हे पिवळं काय? काहीतरी अर्धवट पडलंय असं वाटतं. काढा ते."

तिने काढलं. पडदा स्वच्छ दिसू लागला.

एक गोष्ट मात्र तिच्या चार पायऱ्यांत बसलीच नव्हती. पहिल्यांदा कारखाना बघायला गेली तेव्हा सकाळच्या पाळीचा प्रमुख सुका याने तिला एका रिॲक्टरवर काढलेली फुली दाखवली होती. गोल, आणि त्यात फुली.

"ही कोन पन मारू शकतो," सुका म्हणाला होता. "साहेब मारील, मी मारीन, झाडूवाली बाय मारील. फुली दिसली का आधी वाफ बंद, थंड पानी चालू. विचारायचा मंग. आनि ज्याने मारली त्यानेच पुसायची. दुसऱ्याने हात नाय लावायचा."

"साहेबांनीसुद्धा?"

"साहेबांनी पन."

तिने वहीत बाकी सगळं उतरवलं. या फुलीला कुठल्या रकान्यात घालायचं ते तिला सुचलं नाही, आणि पुढे कामाच्या धबडग्यात ती राहून गेली.

काम संपल्यावर रीतीप्रमाणे तिने साहेबांना सगळे अधिकार सुपूर्द केले, स्वतःचं नाव काढून टाकलं आणि तशी सही घेतली. वेबसाइटच्या घराच्या किल्ल्या गेल्या. ज्या सर्व्हरच्या जमिनीवर ते घर उभं होतं त्याचा ताबा मात्र महिनाअखेरपर्यंत तिच्याकडे होता.

खडू बंद झाल्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारची पाळी नुकतीच सुरू झाली होती. प्रियदर्शिनी कारखान्याच्या ऑफिसात ज्ञानेश्वरीला शिकवत बसली होती. ज्ञानेश्वरी तिथली क्लार्क, हात जलद आणि तोंड त्याहून जलद.

"हे 'थांबलेलं' म्हणजे काय हो मॅडम? माझ्याकडे काहीच थांबत नाही. मला सगळे पळवतच असतात."

"मंजुरीची वाट बघणाऱ्या सूचना. उघडा बघू."

एकच ओळ आली. सुका. रिॲक्टर दोन. मंजुरीसाठी थांबलेलं.

"काय लिहिलंय सुकाभाऊंनी?" ज्ञानेश्वरीने त्या ओळीवर बोट टेकवलं. काही उघडलं नाही.

"ते आपल्याला नाही दिसणार. फक्त साहेबांना दिसतं, आणि लिहिणाऱ्याला..."

बोलता बोलता ती थांबली. लिहिणाऱ्याला दिसतं. सुकाने आपल्या नावाने टॅब उघडला असेल, सूचना लिहिली असेल आणि खाली-वर बघितलं असेल. त्याची ओळ बाकीच्या ओळींत बसलेली, त्याच रंगात, त्याच अक्षरात. पिवळी पट्टी तर तिनेच काढली होती. पत्र्यावर लिहिलेलं एकाला दिसलं की सगळ्यांना दिसतं, सुकाचा जन्म त्यात गेला. त्याला वाटलं असणार, झालं आपलं काम.

तिने सुकाला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. त्याचा पाडा मनोरच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. घाट लागला की फोन मेला.

साहेबांना लावला. बंद.

"पालघरला मीटिंगला गेलेत," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आत जाताना फोन बंद करतात. पण एवढं काय झालं?"

प्रियदर्शिनीने स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि सर्व्हरवर गेली. किल्ल्या देऊन झाल्यावर मागच्या बाजूने आत शिरणं बरोबर नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तिने सुकाची सूचना काढली आणि मोठ्याने वाचली.

'काटा सत्तरच्या वर चढत नाय. अडकतो. आत त्याहून जास्त गरम हाय. दुरुस्तीवाला येऊन जाईपर्यंत वाफ देऊ नये.'

मग तिने दुपारच्या पाळीत दोन नंबर सांभाळणाऱ्या रूपेशच्या टॅबवर आत्ता काय दिसत असेल ते वाचलं. 'काटा ऐंशीवर येईपर्यंत वाफ चालू ठेवावी. ऐंशीला वाफ बंद करून थंड पाणी सोडावे.'

ज्ञानेश्वरीची जीभ पहिल्यांदाच अडखळली. "म्हणजे तो ऐंशीची वाट बघत बसणार."

"हो."

"आणि काटा सत्तरलाच."

"हो."

"अहो, मग ते..."

त्या मिश्रणाला एका मर्यादेपलीकडे उष्णता मिळाली की ते स्वतःच तापत सुटतं. बाहेरची वाफ बंद केली तरी मग ऐकत नाही. हे प्रियदर्शिनीनेच स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं, लाल अक्षरांत, त्याच पानाच्या तळाशी.

रूपेश तिला आठवला. सुकाच्याच पाड्यावरचा, जेमतेम वर्षभर नोकरीत असलेला. कोणाच्या तरी तोंडी सांगण्यावरून त्याने मागे एकदा व्हॉल्व्ह फिरवला आणि मेमो खाल्ला. शिकवणीच्या दिवशी तो मान खाली घालून म्हणाला होता, "ताई, आता टॅबवर दिसेल तेवढाच करीन. कोनाचा ऐकनार नाय." तेव्हा तिला ते ऐकून बरं वाटलं होतं.

ज्ञानेश्वरीने इंटरकॉम उचलला. शेडमध्ये घंटा वाजत राहिली. घुसळणाऱ्या पंख्यांच्या आवाजात शेजारचा माणूस बोललेलं ऐकू येत नाही, तिथे घंटा कोण ऐकतो. मोबाइल तर सगळ्यांचे फाटकावर जमा, आत ठिणगी नको म्हणून.

"मॅडम, तुम्हीच मंजूर करून टाका ना. तुमच्या हातात आहे की."

हातात होतं. एका रकान्यातला आकडा बदलला असता की सुकाची ओळ सगळ्यांना दिसली असती. पण ज्या पायरीवर चढायचं नाही म्हणून तिने सही दिली होती, तीच ही. शिवाय सुकाचं बरोबर की पानाचं, हे ठरवणारी ती कोण? रसायनातलं तिला काय कळतं? साहेबांच्या नावाने ती बोलली आणि सुकाचं चुकलेलं असलं तर?

साहेबांच्या नावाने बोलायचं नाही, पण पानाला गप्प तर करता येईल. तिने दोन नंबरचं पानच काढून टाकलं. पान नाही तर काम नाही, असा साहेबांचा नियम होता. रूपेश कोरा पडदा बघेल, हात थांबवेल आणि विचारायला बाहेर येईल.

"झालं?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

प्रियदर्शिनी हो म्हणणार होती. तेवढ्यात तिला आठवलं. लोखंडाच्या त्या जंगलात नेट टिकत नाही म्हणून टॅब पाळीच्या सुरुवातीला पानाची प्रत स्वतःकडे उतरवून घेतो आणि पाळी संपेपर्यंत तीच दाखवतो. ही सोय तिनेच केली होती आणि साहेबांनी तिचं कौतुक केलं होतं.

ती उठली आणि पळत सुटली.

ऑफिस आणि कारखाना यांच्यामध्ये तारेचं कुंपण आणि आतलं फाटक. फाटकावर भिकाकाका, वर्षानुवर्षं तिथलाच वॉचमन. त्यांनी आधी तिच्या गळ्यातला पास बघितला, मग तिच्या पायांकडे.

"मॅडम, चपला घालून? आनि हा पास हापिसचा हाय."

"काका, दोन नंबरवर वाफ चालू आहे. काटा बिघडलाय. रूपेशला माहीत नाही."

"त्याला माहीत हाय. सुका घरी जायला बसमधी बसलेला, रूपेश खाली उतरत होता. सुकाने खिडकीतून सांगितला ना त्याला माझ्यादेखत. लिवलाय रे, बघून घे."

प्रियदर्शिनीने फाटकाची जाळी धरली. "मग रूपेशने बघितलं?"

"बघितला. मंग भायेर येऊन मला बोलला, काय नवीन नाय लिवलेला, सुकाकाका उगाच घाबरवतो."

म्हणजे हे त्याहून वाईट होतं. रूपेशने शोधलं होतं, सापडलं नाही, आणि तो निर्धास्त झाला होता.

"काका, मला सोडा."

"सोडली तरी तू जाशील कुठं? तीन शेडी हायेत. तुला वाट म्हाईत?"

तिला माहीत नव्हती. एकदाच आली होती, सुकाच्या मागून, पायाखाली बघत.

"मग भोंगा वाजवा."

भिकाकाकांनी मान हलवली. "भोंगा झाला का सगळी पळत भायेर येतील. तसाच शिकवलाय त्यांना. वाफ बंद करायला कोन थांबनार? चालूच राहील ती." त्यांनी आपल्या खुर्चीकडे आणि मग शेडकडे बघितलं. त्यांना जागा सोडायची नव्हती. सोडली तर उद्या ती जागा राहणार नव्हती, आणि गुडघ्यांनी त्यांना शेडपर्यंत वेळेत पोचवलंही नसतं.

फाटकाच्या आत, पाण्याच्या टाकीपाशी लाडकी रिकामे ड्रम लावत होती. डोक्यावर हेल्मेट, पायात बूट, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. रिकाम्या ड्रमवर खडूने रेघ मारायची तिला अजून मुभा होती, कारण ड्रमांसाठी वेबसाइट नव्हती.

"लाडकीताई," प्रियदर्शिनीने जाळीतून हाक मारली. "रूपेशला जाऊन सांगाल? दोन नंबरची वाफ बंद कर म्हणावं. काटा खोटा आहे."

लाडकी जवळ आली. सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारलं, कोणी सांगितलं, सुकाने का? मग म्हणाली, "तो माझा नाय ऐकायचा, बाय. मेमो भेटल्यापासून तो आयशीचा पन ऐकत नाय. मला बोलेल, टॅबवर दाखव."

प्रियदर्शिनीची नजर तिच्या हाताकडे गेली. बोटांना पांढरी भुकटी लागलेली होती.

"मग सांगू नका," ती म्हणाली. "फुली मारा."

लाडकी हलली नाही. हुकूम तिच्याच हातांनी अमलात आला होता. तिनेच बादलीभर पाणी ओतून त्या सगळ्या फुल्या धुतल्या होत्या. ठेकेदाराकडून आलेली कामगार ती. साहेबांनी उद्यापासून येऊ नको म्हटलं तर विचारणारं कोणी नव्हतं.

"साहेबांनी बंद केलीये ती," भिकाकाका हळूच म्हणाले.

"तुमी गप ऱ्हावा." लाडकीने कमरेचा खडू चाचपला. "आनि बाय, खोटा निघाला तर?"

"मी सांगितलं म्हणून सांगा."

"फुलीला तसा नसतो. मारली त्याची ती." एवढं बोलून ती वळली आणि चालू लागली. टाकीपर्यंत चालली, तिथून पुढे पळाली.

आता प्रियदर्शिनीच्या हातात काही उरलं नव्हतं. मधल्या शेडच्या छपरातून एक पाइप वर आला होता आणि त्याच्या तोंडातून वाफ थबकत थबकत बाहेर पडत होती.

"तो दोन नंबरचा," भिकाकाका म्हणाले. "फुसफुस करतोय तंवर वाफ चालू हाय."

दोघं त्या पाइपाकडे बघत राहिली. पांढरा झुबका निघायचा, वाऱ्याने समुद्राच्या उलट बाजूला मोडायचा, विरायचा. पुन्हा दुसरा. मागून ज्ञानेश्वरी धापा टाकत आली आणि काही न विचारता शेजारी उभी राहिली. लाडकी शेडच्या दारात दिसेनाशी होऊन बराच वेळ झाला असं वाटत होतं. आणखी एक झुबका निघाला, आधीच्यांपेक्षा मोठा. भिकाकाकांचा हात भोंग्याच्या बटणाकडे गेला, तिथेच थांबला. प्रियदर्शिनीला तिने टाइप केलेली लाल अक्षरं आठवत होती, आणि ती ओळ पानाच्या अगदी तळाशी आहे, तिथपर्यंत कोणी बोट सरकवत नाही, हेही.

मग पाइप थबकला. सगळे पुढच्या झुबक्याची वाट बघत राहिले. तो आला नाही. पाइपाच्या तोंडाशी एक बारीक धागा लोंबकळला आणि तोही गेला.

"बंद झाली," भिकाकाका म्हणाले आणि खुर्चीत बसले.

साहेब आले तेव्हा ऊन कलत होतं. फाटकावरच त्यांना सगळं कळलं. त्यांनी प्रियदर्शिनीला हेल्मेट आणि बूट द्यायला लावले आणि सोबत आत नेलं.

दोन नंबरच्या पुसून लख्ख केलेल्या पत्र्यावर हातभर मोठी फुली होती, गोल थोडा वाकडा. रूपेश पालथ्या ड्रमवर बसला होता. टॅब त्याच्या मांडीवर पालथा. बाजूला दोन कामगार उभे होते. त्यातला एक व्हॉल्व्हकडे सरकणाऱ्या दुसऱ्याला म्हणत होता, "हाथ मत लगा, फुली है." तो बिहारचा होता, पण हा शब्द त्याने इथलाच घेतला होता.

दुरुस्तीवाल्याने दुसरा तापमापक आत सोडला. थंड पाणी केव्हापासून चालू होतं, तरी त्याचा आकडा सरळ ऐंशीच्या पुढे गेला. जुना काटा सत्तरवर निवांत बसलेला होता.

साहेब दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिले. "पाण्याआधी किती असेल?" त्यांनी विचारलं. दुरुस्तीवाला जुन्या काट्याच्या काचेवर टिचकी मारून बघू लागला.

"साहेब, टॅबवर काय नव्हता," रूपेश म्हणाला. "आईशपथ. मी शोधला."

"फुली कोणी मारली?"

"मी," लाडकी म्हणाली. "मी काय बोललीच नाय त्याला. गेली आनि मारली. त्याने फुली बघितली आनि वाफ बंद केली. मंग विचारला, काय झाला?"

"मी सांगितलं होतं त्यांना," प्रियदर्शिनी मध्ये पडली. "आणि सुकाभाऊंची सूचना मी सर्व्हरवरून उघडली. दोन नंबरचं पानही मीच काढलंय."

"किल्ल्या दिल्यावर?"

"हो. आणि ती पिवळी पट्टीही मी काढली, तुम्ही म्हणालात म्हणून. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

साहेब लाडकीकडे वळले. ती खडू मुठीत धरून उभी होती, जणू तोच आधी काढून घेतील.

"तुमच्या वेबसाइटवर ही कुठल्या पायरीवर बसते?" साहेबांनी फुलीकडे बोट केलं.

"कुठल्याच नाही."

"बसवता येईल?"

"येईल. वाचणाऱ्यालाही मारता येईल, अगदी कोणालाही. टॅबमध्ये जुनी प्रत असली तरी शेडमध्ये दिवा लागेल असं करता येईल." ती थांबली. "पण मग ती पुसायचा अधिकार तुम्हाला नसेल साहेब. ज्याने मारली त्यालाच."

साहेब हात मागे बांधून पुन्हा फुलीसमोर उभे राहिले. मग दुरुस्तीवाल्याला म्हणाले, "काटा आजच बदला," आणि लाडकीला, "तो बदलेपर्यंत तू घरी जाऊ नकोस. तुझ्याशिवाय पुसणार कोण?" आणि बाहेर पडले. ते रागावले होते की नाही, ते कोणालाच कळलं नाही.

प्रियदर्शिनी फाटकावर येऊन हेल्मेट आणि बूट परत करत होती तेव्हा तिचा फोन वाजला. सुका. पाड्यावरच्या टेकडीवर चढला की रेंज येते, तिथून.

"ताई, तुमचे इतके फोन? काय झाला?"

"सुकाभाऊ, तुमची ती सूचना. दोन नंबरची. ती रूपेशला दिसली नाही."

"कशी नाय? मी लिवली ना. माझ्या डोळ्यासमोर होती."

"तुम्हालाच दिसत होती. आणखी कोणाला नाही."

पलीकडे वारा वाहत होता. सुकाने विचारलं तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. "रूपेश?"

"बरा आहे. लाडकीताईंनी फुली मारली. वेळेत."

मागे कुठेतरी शेळी ओरडली. "त्याच्या आयशीने आताच मला चाय दिली," तो म्हणाला, आणि फोन बंद केला.

प्रियदर्शिनी ऑफिसात परत आली. ज्ञानेश्वरीने चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली होती. तिने लॅपटॉप उघडला. साहेबांनी अजून काही सांगितलं नव्हतं, आणि सांगेपर्यंत थांबायला हवं होतं. तिने आधी पिवळी पट्टी परत लावली.